दुरुस्तीबाई

अकरा महिने बाईंनी मला नावाने हाक मारली नाही. "नवीन, ती फाईल दे." "नवीन, जेवून घे आधी." "नवीन, पंखा दोनवर कर, कागद उडतायत." कामावर रुजू होऊन दहा महिने झाले तरी मी नवीनच होते. आणि या बाईंचं काम काय, तर लोकांची नावं दुरुस्त करणं.

शनिवार पेठेत शाळकरी मुलांच्या परीक्षा घेणारी एक जुनी संस्था आहे. तिच्या तळमजल्यावर एक जाळीची खिडकी होती आणि वर पाटी होती, 'नावात दुरुस्ती'. लोक वीस-वीस वर्षांपूर्वी दिलेल्या परीक्षेचं प्रमाणपत्र घेऊन तिथे यायचे, कारण आता पासपोर्ट काढायचा असायचा आणि प्रमाणपत्रावर 'सुनील'चा 'सुनिल' झालेला असायचा. खिडकीच्या आत शेखबाई बसायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, बारीक, फिकट सुती साडी, चष्म्याला दोरी. पण शेखबाई त्यांना कोणी म्हणत नसे. वरच्या मजल्यावरचे साहेब, चहा आणणारे शिपाईमामा, हेलपाटे घालून कंटाळलेले अर्जदार, सगळे त्यांना दुरुस्तीबाई म्हणायचे. तोंडावर नुसतं 'बाई'.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलाशी कशी पोचले ते सांगायला हवं. माझ्या मावसभावाला ऐकू येत नाही. लहानपणापासून त्याच्याशी हातवारे करून बोलता बोलता मला कळलं होतं की हे काम आपल्याला जमतं. बी.ए. झाल्यावर मला कर्णबधिर मुलांच्या शिक्षिकेचा डिप्लोमा करायचा होता. दोन वर्षांचा पूर्ण वेळ अभ्यासक्रम, आणि प्रवेशाच्या वेळी एकरकमी अकरा हजार भरायचे. बाबा वाघोलीच्या एका गोदामात सुपरवायझर, आई दहा-बारा जणांचे डबे करते. घरात अकरा हजार नव्हते असं नाही, पण जे होते त्यांच्यावर कुणाची ना कुणाची नजर आधीच होती. म्हणून ठरलं की मी एक वर्ष नोकरी करायची, फीचे पैसे जमवायचे आणि पुढच्या जुलैत प्रवेश घ्यायचा. सोपं वाटलं होतं.

नोकरी ठेकेदारामार्फत होती, अकरा महिन्यांची. एक ऑगस्ट ते तीस जून. बारा महिने झाले की माणूस हक्क सांगू शकतो, असं कुणीतरी कधीतरी ठरवलं होतं. म्हणून अकरा महिन्यांची ऑर्डर, मग 'ब्रेक', मग वाटलं तर पुन्हा ऑर्डर.

पहिल्या दिवशी बाईंनी माझी ऑर्डर हातात घेतली, चष्मा नाकावर ओढला आणि म्हणाल्या, "ही कुणाची ऑर्डर आणलीस?"

"माझीच आहे."

"तुझं नाव काय?"

"प्रज्ञा साळवे."

"इथे कुणी प्रग्या आहे."

आता, प्रज्ञा हे नाव इंग्रजीत लिहिताना मराठी माणूस डी, एन, वाय लिहितो. माझ्या दहावीच्या, बारावीच्या, पदवीच्या सगळ्या कागदांवर तसंच आहे. ठेकेदाराच्या संगणकाने आपल्या मनाने जी, वाय करून टाकलं होतं. मी म्हटलं, "चालतं हो बाई. अकरा महिन्यांसाठी कुठे दुरुस्त करत बसू?"

बाईंनी ऑर्डर माझ्याकडे सरकवली. "अकरा महिन्यांसाठी का होईना, नाव तुझंच ना? दुरुस्त करून आण, मग नावाने हाक मारीन. तोवर तू नवीन."

मी दुरुस्त केलं नाही. त्यासाठी हडपसरला ठेकेदाराच्या ऑफिसात जावं लागणार होतं आणि रविवारी माझ्यात उठायची ताकद नसायची. बाईंनी पुन्हा विषय काढला नाही, पण शब्द पाळला.

वेलांटीच्या बाबतीत त्या कुणाचं ऐकून घेत नसत. एकदा एक गृहस्थ खिडकीशी येऊन तावातावाने म्हणाले, "अहो, एका वेलांटीने काय आकाश कोसळतं का?"

"नाही कोसळत," बाई म्हणाल्या. "मग आपण आलात कशाला?"

गृहस्थांनी मुकाट्याने अर्ज भरला. अर्ज भरतानाही त्यांनी स्वतःच्या बायकोच्या नावाला चुकीची वेलांटी दिली, तेव्हा बाईंनी अर्ज परत केला. "घरी जाऊन विचारून या. तुम्हाला येत नाही ते त्यांना नक्की येत असेल." बाईंचे वडील पुस्तकांची बांधणी करायचे, गंज पेठेत. घरात सतत छापील फर्मे पडलेले असायचे आणि लहानपणी बाई त्यातल्या चुका शोधत बसायच्या. त्यांचं मराठी ऐकून बाहेरचे लोक कधीकधी दचकायचे आणि म्हणायचे, "तुम्ही शेख? मराठी किती छान बोलता!" बाई म्हणायच्या, "तुम्हीही बरं बोलता की."

पहिला पगार सप्टेंबरच्या दहा तारखेला झाला. ठेकेदाराने आपलं कापून घेऊन बारा हजार सहाशे. मोबाइलवर मेसेज आला तेव्हा मी मनपाच्या स्टॉपवर उभी होते आणि खरं सांगते, मला रडू आलं. पाच हजार आईला दिले, पेढे नेले, आणि शनिवारी दुकानात जाऊन नवा फोन घेतला. हप्त्याने. महिन्याला अठराशे. तेव्हा ते अठराशे मला काहीच वाटले नाहीत.

बाईंना फोन दाखवला तो नोव्हेंबरात, पगार तिसऱ्यांदा आला आणि तिसऱ्यांदा संपला तेव्हा. सतरा-अठरा तारीख असेल आणि माझ्याकडे पासापुरतेही पैसे नव्हते. मी त्यांच्याकडे दोनशे रुपये मागितले. त्यांनी दिले. मग विचारलं, "फोनचे हप्ते किती?"

"बारा."

त्या पहिल्यांदाच हसल्या असतील, पण मला ते हसू आवडलं नाही. "ऑर्डर किती महिन्यांची?"

माझ्या तेव्हा लक्षात आलं. तीन महिने मी ती ऑर्डर पिशवीत घेऊन फिरत होते, तीन हप्ते भरले होते आणि अकरा आणि बारा हे दोन आकडे मी एकदाही शेजारीशेजारी ठेवले नव्हते.

"शेवटचा हप्ता कोण भरणार? प्रग्या?" बाई म्हणाल्या.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी अर्जाच्या पाठकोऱ्या कागदावर मला माझाच पगार समजावून सांगितला. पगार अकरा येणार, पण पोट बाराही महिने जेवायला मागणार. म्हणून अकरा पगारांचे बारा भाग करायचे आणि बारावा भाग हा आपला नाहीच असं समजायचं. महिन्याला एक हजार पन्नास. "ब्रेक कागदावर पंधरा दिवसांचा असतो," त्या म्हणाल्या. "नवी ऑर्डर हातात पडायला महिना जातो. त्या महिन्यात तू काय खाशील?" मी म्हटलं, मला नवी ऑर्डर नकोच आहे, मला जुलैत डिप्लोमाला जायचंय. "मग तर बारावा महिना जास्तच लागेल," त्या म्हणाल्या आणि तीन महिने वाया गेलेले धरून नवा आकडा काढला. उरलेल्या आठ पगारांतून प्रत्येकी चौदाशे पन्नास.

पैसे ठेवायचे कुठे, हेही त्यांनीच सांगितलं. संस्थेच्या गल्लीच्या तोंडाशी एका सहकारी बँकेची शाखा होती. "तिथे खातं उघड. एटीएम कार्ड नको म्हणून सांग. नुसतं पासबुक." मी कारण विचारलं. "तिथले लोक पैसे काढायला आलेल्याकडे असं बघतात की पुन्हा जायची इच्छा होत नाही," बाई म्हणाल्या. हे शब्दशः खरं निघालं. जानेवारीत मी एकदा पाचशे रुपये काढायला गेले होते. काउंटरवरच्या गृहस्थांनी स्लिप उलटसुलट केली, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "परवाच भरलेत ना? ठरवा काय ते." मी स्लिप परत घेतली.

पण खरी गळती फोनची नव्हती. ती माझ्या थकव्याची होती, आणि तीही बाईंनीच ओळखली. वाघोलीहून शनिवार पेठेत पोचायला दीड तास, जाताना दोन. नगर रस्त्यावर बस उभी असते आणि माणसं बसमध्ये उभी असतात. संध्याकाळी मनपाच्या स्टॉपवर भरलेली बस आली की माझ्या पायांतलं बळ जायचं. मग आठवड्यातून दोनदा तरी मी मोबाइलवरून रिक्षा बोलवायचे. घरी पोचल्यावर भूक लागलेली असायची पण पोळी चावायचा कंटाळा यायचा, मग काहीतरी मागवायचं. रविवारी दिवसभर झोपायचं आणि उठल्यावर वाईट वाटायचं म्हणून काहीतरी विकत घ्यायचं. मी चैन करत नव्हते. चैन करायला अंगात उत्साह लागतो.

"तुझा पगार पोटात जात नाही, दमण्यात जातो," बाई म्हणाल्या.

एका संध्याकाळी त्यांचं महापालिकेत काही काम होतं म्हणून त्या माझ्याबरोबर पूल ओलांडून मनपापर्यंत चालत आल्या. त्या कामाला जायच्या ऐवजी आधी माझ्याबरोबर स्टॉपवर उभ्या राहिल्या. वाघोलीची बस आली, दारापर्यंत भरलेली. मी सवयीने धावले. बाईंनी मागून माझं कोपर धरलं.

"सोड ही."

"बाई, पुढची वीस मिनिटांनी आहे."

"मग वीस मिनिटं उभी राहा. ती इथूनच सुटते. बसून जाशील."

"उशीर होतो."

"उशीर तुला तसाही होतोच. फरक एवढाच की बसून होईल." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "एक बस सोडता आली पाहिजे. ज्याला सोडता येत नाही त्याने रोज लोंबकळायचं."

मी पुढच्या बसमध्ये खिडकीशी बसून गेले. येरवड्यापर्यंत झोपले. त्या महिन्यात रिक्षाचे साडेसातशे रुपये वाचले. मी ते बाईंना मोठ्या अभिमानाने सांगितलं तर म्हणाल्या, "मला काय सांगतेस, पासबुकाला सांग."

जानेवारीत बाईंचा ब्रेक आला. त्यांची ऑर्डर माझ्याहून वेगळ्या महिन्यात संपायची. हिशोब तपासनीस येणार होते, त्यामुळे कागदोपत्री ज्या माणसाला ऑर्डर नाही तो माणूस खिडकीच्या आत दिसता कामा नये, असं वरून सांगण्यात आलं. बाईंच्या खुर्चीत मला बसवलं. पहिल्या दिवशी अकरा वाजता मान वर केली तर जाळीच्या पलीकडे बाई. पिशवी खांद्याला, पाण्याची बाटली हातात, अर्जदारांच्या रांगेशेजारी भिंतीला टेकून उभ्या.

"बाई, तुम्ही?"

"बाहेर उभं राहायला ऑर्डर लागत नाही."

पंधरा दिवस त्या तशाच उभ्या होत्या. दहाला येत, दोनला जात. रांगेतल्या लोकांचे अर्ज हातात घेऊन तपासत. "इथे आईचं नाव राहिलंय." "दाखल्याची प्रत जोडा, नाहीतर ती आतली मुलगी परत पाठवेल." मी विचारलं, घरी का नाही बसत? त्यांची आई गेल्यापासून त्या एकट्याच राहायच्या. म्हणाल्या, "अर्ज चुकीचे आत गेले तर पंधरा दिवसांनी मलाच निस्तरायचे आहेत." त्यात तथ्य होतं. पण मी त्यांच्या खुर्चीत पंख्याखाली बसले होते, त्यांच्या कामाचे पैसे मला मिळत होते, आणि त्या बाहेर फुकट उभ्या होत्या. मला दिवसभर कसंतरी व्हायचं. दुपारी शिपाईमामांनी आणलेला चहा मी जाळीखालच्या फटीतून त्यांच्याकडे सरकवायचे. त्या तो भिंतीकडे तोंड करून प्यायच्या.

जूनमध्ये साहेबांनी मला वर बोलावलं. माझं संगणकाचं काम त्यांना पसंत होतं. "पंधरा जुलैपासून पुढची ऑर्डर काढू," ते म्हणाले. "चौदा हजार हातात येतील असं बघतो. आणि पुढेमागे संस्था दोन-तीन जणांना कायम करायचा विचार करतेय. लक्षात ठेवा."

घरी बाबा 'कायम' या शब्दाने इतके हरखले की त्यांनी गोदामातल्या लोकांनाही सांगून टाकलं. आणि मी? मी हरखले नाही असं सांगायला आवडलं असतं, पण मीही हरखले. डिप्लोमा म्हणजे दोन वर्षं बिनपगारी, पुन्हा वह्या, पुन्हा बाबांकडे पासाचे पैसे मागायचे. दमलेल्या माणसाला आहे तिथेच बसून राहायचं असतं. मी मनात ठरवूनही टाकलं की एक वर्ष अजून करू, डिप्लोमा कुठे पळून जातोय.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या एका अर्जावर शिक्का मारत होत्या. शिक्का मारला, फुंकर घातली, अर्ज फाईलला लावला, फाईल बांधली. मग म्हणाल्या, "माझी पहिली ऑर्डर संपली ना, तेव्हा मला एका छापखान्यात प्रूफं तपासायचं काम मिळत होतं. कायमचं. वडिलांच्या ओळखीचे होते ते. पण जागा रिकामी व्हायला दोन महिने होते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. माझ्याकडे सहाशे रुपये होते. साहेबांनी, तेव्हाचे वेगळे होते, त्यांनी नवी ऑर्डर पुढे केली, मी सही केली. सहाशे रुपयांत नाही म्हणता येत नाही, नवीन."

"मग नंतर?"

"नंतर काय? पुढच्या वर्षी छापखान्यात दुसरं माणूस होतं. बारावा भाग काढायला मी त्याच्यानंतर शिकले. पण तोवर नाही म्हणायला दुसरं काही समोरच उरलं नव्हतं. या जानेवारीत एकोणिसावी ऑर्डर झाली." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "कायम करणार आहेत, हे मला पाचव्या ऑर्डरीच्या वेळी सांगितलं होतं. तुझे किती जमलेत?"

"जुलैत जूनचा पगार झाला की साडेअकरा हजार होतील."

"मग तुला नाही म्हणता येतं. म्हणायचं की नाही ते तू बघ."

त्या दिवशी बसमध्ये एक विचार माझ्या मनात आला. तो लिहायला लाज वाटते, पण आला होता. मी गेले तर संगणक येणारं दुसरं कोणी खिडकीशी नसणार, मग बाईंची खुर्ची पक्की. म्हणून तर त्या मला घालवत नसतील? खराडीपर्यंत मी हा विचार उलटून पालटून पाहिला. मग मला त्यांचं ते भिंतीकडे तोंड करून चहा पिणं आठवलं. आणि समजा त्यांचा त्यात स्वार्थ असलाच, तरी एकोणीस ऑर्डरींनंतर तेवढा असायला काय हरकत होती? दुसऱ्या दिवशी मी साहेबांना नाही म्हणून सांगितलं. बाबा माझ्याशी आठवडाभर धड बोलले नाहीत.

तीस जून. शेवटचा दिवस, चारची वेळ, माझं डोकं दुखत होतं. वरून माझं अनुभवाचं प्रमाणपत्र टाईप होऊन आलं. ऑर्डरवर जे नाव होतं तेच त्यावर. प्रग्या. मी घडी घालून पिशवीत टाकणार, तेवढ्यात बाईंनी हात पुढे केला. वाचलं. मग जाळीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बाहेर जा."

"काय?"

"बाहेर. खिडकीशी. रांगेत."

मला वाटलं त्या चेष्टा करतायत. पण त्या चेष्टा करत नव्हत्या. मी बाहेर गेले, दोन माणसांच्या मागे उभी राहिले. माझा नंबर आल्यावर त्यांनी मला कोरा अर्ज दिला, त्यातला 'परीक्षा' हा शब्द खोडून वर 'अनुभव' लिहिलेला. मी भरला. दाखल्याची प्रत जोडायला सांगितली. प्रवेशासाठीच्या कागदपत्रांची फाईल पिशवीत होतीच, तिच्यातली काढून जोडली. वीस रुपये शुल्क मागितलं. तेही भरलं, आणि मनात चिडले की शेवटच्या दिवशीसुद्धा या बाईचा हेका जात नाही. त्यांनी वीस रुपयांची पावती फाडली, सही करून दिली आणि म्हणाल्या, "बसा. हाक मारते."

अर्धा तास मी त्या बाकावर बसले, जिथे अकरा महिने मी लोकांना बसलेलं पाहत होते. बाई स्वतः जिना चढून वर गेल्या, कागद नव्याने टाईप करून घेतला, साहेबांची सही आणली, खाली आल्या, शिक्का मारला. मग खिडकीशी बसून, अर्जदारांना मारायच्या त्याच खणखणीत आवाजात हाक मारली,

"प्रज्ञा दिलीप साळवे!"

मी उठले. खिडकीशी गेले. त्यांनी फटीतून कागद सरकवला. "दुरुस्ती झालेली आहे. तपासून घ्या. एकदा इथून गेलात की आमची जबाबदारी नाही."

डी, एन, वाय. बरोबर होतं. मला बोलायचं होतं खूप, पण मागे एक आजोबा अर्ज घेऊन उभे होते आणि बाईंची नजर त्यांच्याकडे वळली होती. मी नुसती मान हलवली. त्याही नुसती मान हलवून म्हणाल्या, "पुढचे."

जुलैत पगार झाला, बँकेतल्या त्या गृहस्थांनी पुन्हा घड्याळाकडे पाहून सगळे पैसे मोजून दिले, आणि मी फी भरली. फोनचा बारावा हप्ता शेवटी आईने डब्यांच्या पैशांतून भरला. ते मला अजून ऐकावं लागतं. डिप्लोमाची दोन वर्षं कशी गेली ते कळलं नाही असं म्हणतात लोक. मला चांगलं कळलं. पण झाली. आता मी हिंजवडीकडच्या एका शाळेत कर्णबधिर मुलांना शिकवते. वाघोली ते हिंजवडी, म्हणजे सगळं शहर ओलांडून. आणि हो, नोकरी अकरा महिन्यांचीच आहे. पहिल्या पगारापासून मी बारावा भाग काढते. आवडीचं काम असलं तरी संध्याकाळी माणूस दमतोच, फक्त चिडत नाही.

ऑर्डर आली तेव्हा मी पहिलं नाव पाहिलं. बरोबर होतं. बाईंना दाखवायचं म्हणून मी त्यांचा नंबर लावला. तो बंद होता. मग एका शनिवारी ऑर्डरची प्रत घेऊन शनिवार पेठेत गेले. जाळीवर आतून फळी मारलेली होती आणि फळीवर कागद, 'दुरुस्तीसाठी ऑनलाइन अर्ज करावा'. त्या कागदात दोन चुका होत्या.

शिपाईमामा भेटले. त्यांनी मला ओळखलं, बाकावर बसवलं.

"बाई ना? ब्रेकवर गेल्या त्या गेल्या जानेवारीत. मग ऑर्डरच नाही निघाली. साहेब आज सांगतो, उद्या सांगतो म्हणाले."

"निरोपबिरोप दिला का काही?"

"ब्रेकवर गेलेल्या माणसाला कसला निरोप?" मामा म्हणाले. "पंधरा दिवस उभ्या होत्या इथेच, नेहमीसारख्या. पुढेही महिनाभर यायच्या. लोकांचे फॉर्म बघून द्यायच्या. मग वरच्यांनी खिडकीच बंद केली. त्या दिवशी आल्या, फळी पाहिली, ती नोटीस वाचली. मला म्हणाल्या, मामा, पेन आहे का? मी म्हटलं बाई, राहू द्या आता. गेल्या मग."

मी विचारलं, राहतात कुठे? गंज पेठेत, एवढंच मामांना ठाऊक होतं. मग ते उठले. "थांबा, ठेकेदाराचा माणूस वर आलाय. त्याच्याकडे पत्ता असेल. पूर्ण नाव सांगा त्यांचं, विचारून येतो."

मी तोंड उघडलं आणि मला पूर्ण नाव सांगता आलं नाही. शेखबाई. दुरुस्तीबाई. माझ्या फोनमध्येही तसंच लिहिलेलं होतं. हजेरीच्या तक्त्यावर 'शेख एच.' असायचं. अकरा महिने त्या मला नावाने हाक मारत नाहीत म्हणून मी घरी तक्रार केली होती, आणि त्यांचं नाव काय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मामांनाही माहीत नव्हतं. ते तरी वर जाऊन आले. ठेकेदाराचा माणूस नवीन होता, नुसत्या आडनावावरून त्याला काही सापडेना.

पूल ओलांडून मी मनपाला आले. वाघोलीची बस आली, भरलेली. मी ती सोडली. फाईल उघडून वीस रुपयांची ती जुनी पावती काढली. खाली त्यांची सही आहे, स्वच्छ, गोल अक्षरात. ह. शेख. ह म्हणजे हमीदा असेल. किंवा हलीमा. किंवा हसीना. पुढची बस येईपर्यंत मी ही तिन्ही नावं मनात लिहून पाहिली, आणि तिन्हींत मधल्या अक्षराशी येऊन अडले. त्या बाईंच्या नावात वेलांटी पहिली की दुसरी, तेसुद्धा मला माहीत नाही.